जीआय, सीपीव्हीसी, एचडीपीई: घरातले बेमेळ पाइप जोडताना

पाइप फुटला की हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आपण सांगतो, "अर्ध्या इंचाचा जोड द्या." काउंटरवरचा माणूस जुना असेल तर उलट विचारतो, "कशाला कशाचा?" त्याच्या या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं की निम्मं काम झालं. घरात एकाच जातीचा पाइप असेल तर फारसं अवघड काहीच नसतं. पण बहुतेक घरांत तसं नसतं. भिंतीत बापाच्या काळातला लोखंडी जीआय, दहा वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या मोरीत पिवळसर सीपीव्हीसी, गच्चीवर पांढरा यूपीव्हीसी आणि बोअरमधून वर आलेला काळा एचडीपीई, अशी सगळी मंडळी एकाच लाइनवर नांदत असतात. गळती होते ती यांच्या सीमेवर.

हा लेख त्या सीमेबद्दल आहे. ज्यांनी आजवर नळाचा वायसरसुद्धा बदललेला नाही, त्यांनाही पुरेल इतक्या सविस्तर लिहितो.

पाइप कोणता, ते आधी ठरवा

पाइपवर छापलेली ओळ शोधा. प्लास्टिकच्या पाइपवर ठरावीक अंतरावर कंपनीचं नाव, माप आणि भारतीय मानकाचा आकडा छापलेला असतो. आयएस १५७७८ असेल तर सीपीव्हीसी, आयएस ४९८५ असेल तर साधा करडा पीव्हीसी (शेतात पाइपलाइनला वापरतात तो), आणि आयएस ४९८४ असेल तर एचडीपीई. जीआय आयएस १२३९ प्रमाणे बनतो, पण भिंतीतल्या जुन्या पाइपवर काही वाचायला मिळण्याची आशा सोडा. तिथे लोहचुंबक लावून पाहा. रंगाखाली, गंजाखाली, कुठेही चिकटला की जीआय.

छपाई पुसली असेल तर रंगावरून अंदाज येतो. सीपीव्हीसी फिकट पिवळट, यूपीव्हीसी पांढरा, पीपीआर (तापवून जोडायचा प्लास्टिक पाइप) बहुधा हिरवा, एचडीपीई काळा आणि त्यावर निळ्या रेघा. मात्र रंगावर पैज लावू नका. उन्हात वर्षानुवर्षं पडलेला पांढरा पाइप पिवळा होतो आणि सीपीव्हीसीसारखा दिसू लागतो.

एक जात लोक हमखास चुकून ओळखतात: कम्पोझिट पाइप. बाहेरून प्लास्टिक, पण कापल्यावर कडेला ॲल्युमिनियमची चकाकती रेघ दिसते. त्याला सोल्युशन (प्लास्टिक पाइप जोडायला लावतात ते द्रव) चालत नाही आणि आटेही (स्क्रूसारख्या खाचा) पाडता येत नाहीत. त्याची स्वतःची पितळी नटवाली फिटिंग येतात, तीच वापरावी लागतात.

"अर्धा इंच" म्हणजे नक्की किती?

नवशिक्या माणसाचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पाइपाला ज्या मापाने हाक मारतात ते माप पट्टीने मोजून कुठेच सापडत नाही. अर्ध्या इंची जीआयचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा बराच जास्त. अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी. नाव एकच, पण दोघांत पाच मिमीपेक्षा जास्त फरक.

पाऊण इंचात जीआय २६.९ आणि सीपीव्हीसी २२.२. एक इंचात जीआय ३३.७ आणि सीपीव्हीसी २८.६. पांढरा यूपीव्हीसी मात्र जीआयच्या जवळ जातो: अर्ध्याला २१.३, पाऊणला २६.७, एक इंचाला ३३.४. करडा पीव्हीसी, एचडीपीई आणि पीपीआर यांचा हिशेब सरळ मिलिमीटरचा, बाहेरून मोजलेला: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३. दुकानात मात्र ६३ मिमीला सर्रास "दोन इंची" म्हणतात.

आता या आकड्यांतली मेख पाहा. पाऊण इंची सीपीव्हीसी २२.२ आणि अर्धा इंची जीआय २१.३. बाहेरून दोन्ही इतके सारखे दिसतात की शेजारी ठेवले तरी फरक कळत नाही. तसंच २० मिमीचा करडा पाइप २१.३ मिमीच्या पांढऱ्या सॉकेटमध्ये (ज्यात पाइप घालतात त्या जोडाच्या तोंडात) सैलसर जातो, आणि "जातोय की" म्हणून लोक भरपूर सोल्युशन ओतून बसवून टाकतात. तो जोड आज धरतो आणि मोटर सुरू होताना बसणाऱ्या दणक्यांनी काही महिन्यांत सुटतो.

व्हर्निअर कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा, टोक जिथे मिळेल तिथे पेनने खूण करा आणि ती लांबी मोजा. अर्ध्या इंची सीपीव्हीसीला सुमारे ५० मिमी येईल, अर्ध्या इंची जीआयला ६७, पाऊण सीपीव्हीसीला ७०, पाऊण जीआयला साधारण ८४ ते ८५. ६७ आणि ७० मधला फरक पट्टीवर स्पष्ट दिसतो, डोळ्यांना दिसत नाही. मोजताना जुन्या पाइपवरचा रंग आणि गंज खरवडून काढा, नाहीतर एक-दोन मिमी फुकट वाढतात.

शक्य असेल तर पाइपाचा कापलेला तुकडाच पिशवीत घालून दुकानात न्या. तुकडा नसेल तर मोबाइलवर फोटो, आणि पाइपवरच्या छपाईचा फोटो वेगळा.

नियम एकच आहे

सोल्युशनने फक्त सख्ख्या जातीचे पाइप जोडायचे. सीपीव्हीसीला सीपीव्हीसी, यूपीव्हीसीला यूपीव्हीसी. जात बदलली की मधे आटे आले पाहिजेत.

याचं कारण असं की सोल्युशन हा डिंक नव्हे. ते पाइपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग थोडा विरघळवतं, दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की एकजीव होतात. लोखंड विरघळत नाही. एचडीपीई आणि पीपीआर तर या द्रावकांना दादच देत नाहीत. त्यांच्यावर लावलेलं सोल्युशन वाळलं की नखाने सोलून निघतं. म्हणून सीपीव्हीसीचा डबा वेगळा, यूपीव्हीसीचा वेगळा, आणि या दोन पाइपांमध्येही थेट चिकटवाचिकटवी न करता आट्यांचा जोड घालणं चांगलं.

आट्यांचा फायदा असा की अर्धा, पाऊण, एक इंच या मापांचे आटे सगळ्या जातींच्या फिटिंगना सारखेच असतात. अर्ध्या इंची जीआय सॉकेटचे आटे आणि सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंची पितळी फिटिंगचे आटे एकमेकांत बसतात, पाइपांची जाडी काहीही असो. परदेशातून आणलेला शॉवर किंवा फिल्टर असेल तर मात्र सावध राहा. अमेरिकी आटे अर्ध्या आणि पाऊण इंचात आपल्याइतकेच, इंचाला १४ असतात, पण त्यांचा कोन ६० अंशांचा आणि आपल्याकडचा ५५. दोन-तीन फेरे छान जातात, आणि गळतं.

दुकानात मागायची नावं एवढीच लक्षात ठेवा. बाहेरून आटे असलेला जोड म्हणजे एमटीए, आतून आटे असलेला म्हणजे एफटीए. दोन्हींची दुसरी बाजू पाइप घालून सोल्युशन लावायची असते. आत किंवा बाहेर पितळेचे आटे बसवलेले असतील तर "ब्रास एमटीए", "ब्रास एफटीए". दोन्हीकडे बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा म्हणजे निपल. आणि युनियन म्हणजे पाइप न फिरवता मधूनच सोडता येणारा तीन भागांचा जोड. माप बदलायचं असेल तर रिड्यूसर किंवा बुश.

कोण कोणाच्या आत?

प्लास्टिकचे आटे लोखंडाच्या आत गेले तर चालतं. लोखंडाचे आटे साध्या प्लास्टिकच्या आत घालू नका. आटे निमुळते असतात. जितकं आवळाल तितकं आतलं फिटिंग बाहेरच्याला फाकवतं. बाहेर लोखंड असेल तर ते सहन करतं, बाहेर प्लास्टिक असेल तर त्याला उभी चीर जाते. ही चीर बहुतेक वेळा त्याच दिवशी दिसत नाही. चार-सहा महिन्यांनी भिंतीवर ओल दिसते आणि दोष रंगाऱ्याला जातो.

त्यामुळे जिथे लोखंडाचं टोक बाहेर आलेलं आहे तिथे ब्रास एफटीए वापरा. पितळी आट्यांचा एक नग साध्यापेक्षा महाग पडतो, पण भिंत फोडून पुन्हा टाइल लावण्याच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. नळ जिथे बसतो ते एल्बो (काटकोनी जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) तर पितळी आट्यांचेच घ्या, कारण नळ आयुष्यभर काढला-घातला जातो.

प्रत्यक्ष काम: भिंतीतल्या जीआयला नवा सीपीव्हीसी

सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं ते हेच काम, म्हणून ते पायरीपायरीने देतो. मोरीतल्या भिंतीत अर्धा इंची जीआय सडलाय, तेवढा तुकडा काढून पुढे सीपीव्हीसी न्यायचा आहे, असं धरून चालू.

हाताशी हवं ते: दोन पाइप पान्हे (एक नाही, दोन), हेक्सॉ किंवा प्लास्टिक पाइप कापायचा कटर, तारेचा ब्रश, कानस किंवा पॉलिशपेपर, टेफ्लॉन टेप, सीपीव्हीसीचं सोल्युशन, जुनं सुती फडकं.

१. गच्चीवरचा कॉक बंद करा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. जुने गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, थेंब थेंब येतच राहतं. ते कसं थांबवायचं ते पुढे येतं. गिझर असेल तर त्याचं बटण बंद, आणि प्लगही काढलेला.

२. जीआय मधेच कापू नका. भिंतीत असलेल्या पाइपला जागेवर आटे पाडायला डाय फिरवण्याइतकी जागा कधीच नसते. मागे मागे जात पहिला धड एल्बो किंवा सॉकेट शोधा आणि तिथून पाइप आट्यांवर सोडवा. पाइप लांब आणि अडकलेला असेल तर जोडापासून वीतभर अंतरावर कापा आणि उरलेला तुकडा पान्ह्याने फिरवून काढा.

३. सोडवताना एका पान्ह्याने एल्बो धरून ठेवा, दुसऱ्याने पाइप फिरवा. नुसता पाइप पिळलात तर जोर मागच्या, भिंतीत लपलेल्या जोडावर जातो आणि तिथे नवी गळती सुरू होते. आटे जाम असतील तर गंज सोडवणारं तेल मारून काही तास, जमल्यास रात्रभर ठेवा. मग हातोडीने फिटिंगवर चहूबाजूंनी हलके ठोके द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

४. उघडलेल्या आट्यांकडे नीट बघा. तारेच्या ब्रशने घासल्यावर धार आणि खाच स्वच्छ दिसली तर ठीक. आट्यांच्या कडा भुगा होऊन गळत असतील तर तिथे कितीही टेप गुंडाळा, उपयोग नाही. आणखी एक जोड मागे जा. ज्या गावात बोअरचं जड पाणी येतं तिथे आत क्षाराचा थर इतका जमलेला असतो की पाण्याला करंगळीएवढीच वाट उरलेली दिसते. तसं असेल तर हा तुकडा बदलून भागणार नाही, पूर्ण लाइन बदलण्याचा विचार करा.

५. समोर आतले आटे असतील (एल्बो, सॉकेट) तर ब्रास एमटीए. समोर बाहेरचे आटे असतील (पाइपाचं टोक) तर ब्रास एफटीए. लाइन पाऊण सीपीव्हीसीने न्यायची असेल तर एका बाजूला अर्धा इंची आटे आणि दुसऱ्या बाजूला पाऊण सॉकेट असलेलं फिटिंग मिळतं, तेच मागा. मधे बुश घालत बसायची गरज नाही.

६. टेप नेहमी बाहेरच्या आट्यांवर. आट्यांचं टोक आपल्याकडे करून धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे आवळताना टेप उलगडत नाही. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपेचे धागे पाण्यात जाऊन नळाच्या जाळीत अडकतात. टेप ताणून, खालचे आटे उमटून दिसतील अशी बसवा. आपल्याकडची पातळ टेप असेल तर सहा ते आठ फेरे. जीआयला जीआय जोडताना सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) आणि सुतळीचा धागा अजूनही उत्तम काम देतो. पण सीपीव्हीसीच्या फिटिंगला सफेदा, ऑइल पेंट, तेलकट पेस्ट यातलं काही लावू नका. काही तेलं सीपीव्हीसीला हळूहळू तडे पाडतात.

७. फिटिंग आधी हाताने, जाईल तिथवर आवळा. मग पान्ह्याने एक, फार तर दीड फेरा. पान्हा पितळी षटकोनावर लावा, प्लास्टिकवर नको. जास्त झालं म्हणून उलटं फिरवायचं नाही. मागे घेतलात तर पूर्ण काढा, टेप बदला, पुन्हा बसवा.

८. आटे पूर्ण बसल्यावरच सोल्युशनचं काम. हा क्रम उलटा केलात तर चिकटवलेला पाइप फिरवायची वेळ येते आणि ताजा जोड तुटतो.

९. सीपीव्हीसी काटकोनात कापा. आतल्या-बाहेरच्या कडेला राहिलेली प्लास्टिकची कुसळं कानसेने काढा आणि बाहेरची कड किंचित उतरती करा; धारदार कड सोल्युशन खरवडून आत ढकलते. आता कोरडंच बसवून बघा. पाइप सॉकेटमध्ये सहज एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोल जाऊन अडकला पाहिजे. कोरडाच तळापर्यंत गेला तर फिटिंग सैल आहे, बदलून आणा. सॉकेटची खोली पाइपवर पेनाने आखून ठेवा.

१०. दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसा. पाइपच्या टोकावर सोल्युशनचा भरघोस सारखा थर, सॉकेटच्या आत पातळ. आत जास्त झालं तर ते साठून पाण्याची वाट अडवतं. लगेच पाइप घाला, घालताना पाव फेरा फिरवा, आखलेल्या खुणेपर्यंत न्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडल्यावर पाइप मागे सरकू पाहतो, म्हणून हे धरणं महत्त्वाचं. बाहेर आलेलं जास्तीचं सोल्युशन तेवढं पुसून घ्या. जोडाभोवती सोल्युशनची अखंड कड दिसली पाहिजे.

मोरीची खिडकी उघडी ठेवा. वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते, त्यामुळे उदबत्ती, विडी, गॅसचा पाइलट, काही जवळ नको. डब्यातलं सोल्युशन दह्यासारखं घट्ट झालं असेल तर थिनर घालून पातळ करू नका, फेकून द्या.

११. पाणी कधी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते हवामानावर, पाइपाच्या मापावर ठरतं. घरचं काम असेल तर संध्याकाळी जोडा आणि सकाळी पाणी सोडा. घाईने दोन तासांत सोडणारे प्लंबर आहेत, आणि त्यांची परत फेरीही ठरलेली असते.

आता त्या न थांबणाऱ्या थेंबांचं. ओल्या पाइपवर सोल्युशन धरत नाही. वरून थोडं पाणी येतच असेल तर पावाचा मऊ भाग गोळा करून पाइपमध्ये बोटभर आत सरकवा. जोड वाळेपर्यंत तो पाणी शोषून अडवून ठेवतो आणि नंतर विरघळून नळावाटे निघून जातो. कडेचा कडक भाग घालू नका, आणि पाणी सोडताना नळाची जाळी काढून ठेवा. बारीक सर असेल तरच हे जमतं, धार असेल तर आधी कॉकच बदला.

माप बदलताना

मोठ्यावरून लहानावर यायला रिड्यूसर मिळतो, जोडायला सोपा. पण तो कुठे घालायचा हा विचार कोणी करत नाही. व्यास निम्मा झाला की वाट निम्मी नाही, पाव होते. टाकीच्या तोंडाशीच एक इंचावरून अर्ध्यावर आलात तर खाली चार नळ एकदम उघडल्यावर शॉवरमधून रडतखडत पाणी येणार. टाकीपासून सव्वा किंवा एक इंच, मजल्यावर उतरताना पाऊण आणि नळापाशी येऊन अर्धा, असं उतरत या. माप कमी करायचं ते शेवटच्या टप्प्यावर.

आणखी एक. अर्धा इंची जीआय आतून साधारण १६ मिमी असतो, अर्धा इंची सीपीव्हीसी आतून साडेबाराच्या आसपास. म्हणजे "अर्ध्याला अर्धा" बदललात तर पाण्याची वाट जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. जुना जीआय गंजाने तुंबलेला असेल तर नवा पाइप तरीही बरा वाटतो, हे खरं. पण गच्चीवरच्या टाकीचा जोर मुळात कमी असतो; दर दहा मीटर उंचीला जेमतेम एक किलो दाब. टाकी नळाच्या तीनच मीटर वर असेल तर ०.३ किलो. तिथे वाट अरुंद करणं परवडत नाही. जीआय अर्धा असेल तर बदलताना सीपीव्हीसी पाऊण घ्या, नळाशी फक्त पाऊण गुणिले अर्धा असा पितळी एल्बो लावा.

काळा एचडीपीई

बोअरची मोटर, सोसायटीची जमिनीखालची लाइन किंवा शेततळ्यापासून घरापर्यंत आलेला पाइप बहुधा हाच. याला चिकटवणं शक्य नाही, म्हणून दाबून धरणारी फिटिंग वापरतात. त्यात एक मोठा नट, दाते असलेली चिरलेली रिंग आणि रबरी ओ-रिंग असते. पाइप सरळ कापा, कड उतरती करा, ओरखडे असतील तर तेवढा भाग कापून टाका, कारण ओ-रिंग खरखरीत जागेवर पाणी अडवू शकत नाही. नट सैल करून पाइप ओ-रिंगच्या पलीकडे, तळाला टेकेपर्यंत ढकला. ओ-रिंगपाशी जोर लागतो. बरेच जण तिथेच थांबतात, आणि दाब आला की पाइप निसटतो. साबणाचं पाणी लावा, तेल नको. खोली आधी बाहेरून मोजून खूण केली की शंका राहत नाही.

या फिटिंगच्या दुसऱ्या टोकाला आटे असलेलं मॉडेल घेतलं की पुढे हवा तो पाइप: बाहेरचे आटे घेतले तर पुढे ब्रास एफटीए, मग सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी. नटाच्या आतल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे पाणी रबर अडवतं, आटे फक्त दाबतात. युनियनचंही तसंच. तिची रबरी रिंग किंवा घासून बसवलेली तोंडं पाणी अडवतात.

पीपीआरचं थोडक्यात: तो २६० अंशांवर तापवलेल्या यंत्राने वितळवून जोडतात. यंत्र घरी नसतं, त्यामुळे पितळी आट्यांचं पीपीआर फिटिंग प्लंबरकडून तेवढं जोडून घ्या आणि पुढचं आट्यांचं काम स्वतः करा.

गरम पाण्याच्या बाजूला

साधा पांढरा यूपीव्हीसी किंवा करडा पीव्हीसी गरम लाइनवर नको. तो मऊ पडतो, वाकतो आणि जोडातून सुटतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो, तरी गिझरच्या तोंडाला थेट चिकटवू नका. मधे स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप द्या; त्याच्या टोकांना वायसर असतो, टेप लागत नाही. गिझर बदलतानाही त्यामुळे सोपं जातं.

गरम-थंड होताना सीपीव्हीसी लांबी बदलतो. तीन मीटरचा पाइप तीस अंशांनी तापला की पाचसहा मिमी वाढतो. दोन्ही टोकांना भिंतीत पक्का रोवलेला जीआय आणि मधे ताठ बसवलेला सीपीव्हीसी असेल तर ही वाढ जोडांवर येते. एखादं वळण मोकळं ठेवा, क्लॅम्प पाइपाला आवळणारे नकोत, धरून ठेवणारे हवेत.

तांब्याचा पाइप घरात असेल तर पाण्याच्या दिशेने तांबं आधी आणि जीआय नंतर, असं जोडणं टाळा. तांब्याचे कण पुढे जाऊन जीआयला खड्डे पाडतात.

पाण्याशी संबंध नसलेली, पण जिवाशी असलेली एक गोष्ट

जुन्या घरांत विजेचं अर्थिंग कधी कधी पाण्याच्या जीआय पाइपलाच बांधलेलं असतं. तुम्ही मधे हातभर प्लास्टिक घातलं की ती वाट तुटते. नळाला पाणी येत राहतं, कोणाला काही जाणवत नाही, आणि गिझरमध्ये बिघाड झाला की नळाला हात लावणाऱ्याला झटका बसतो. पाइपावर कुठे तार बांधलेली दिसली तर काम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि स्वतंत्र अर्थिंग करून घ्या.

तपासणी

वरचा कॉक अर्धाच उघडा, सगळ्यात वरचा नळ चालू ठेवा, हवा फुसफुसत निघून जाऊ द्या. धार सलग झाली की नळ बंद करा. आता प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर डाग पाडते. सोल्युशनचा जोड पाझरत असेल तर वरून पुन्हा सोल्युशन किंवा एम-सील लावून काही होत नाही. कापा, नवीन कपलर (दोन पाइपांचा सरळ जोड) घाला. आट्यांचा जोड पाझरत असेल तर पाव फेरा आवळून पाहा, नाहीतर सोडवून टेप नव्याने.

एम-सीलला माझा विरोध नाही. रविवारी रात्री पाहुणे घरात असताना तो देवासारखा धावून येतो. पण कोरड्या पाइपवर, आणि सोमवारी खरी दुरुस्ती करायच्या बोलीवर.

भिंतीतला जोड असेल तर एक पूर्ण दिवस-रात्र पाण्याखाली ठेवल्याशिवाय सिमेंट भरू नका. मिस्त्री घाई करेल, करू द्या. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. टाकी भरणारा व्हॉल्व्ह मात्र बंद हवा, नाहीतर खूण खोटं सांगेल. प्लास्टर करण्याआधी उघड्या भिंतीचा फोटो काढा, त्यात मोजपट्टी दिसू द्या. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना तो उपयोगी पडतो.

गच्चीवरचे सीपीव्हीसी, यूपीव्हीसी उन्हात उघडे असतील तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग मारा, ऑइल पेंट नको. कोकणात खाऱ्या हवेत जीआयचे उघडे आटे बाहेरूनच गंजतात, तिथे जोड बसवल्यावर आट्यांच्या लोखंडी भागावर गंजरोधक रंगाचा हात द्या. प्लास्टिकला तो लागू देऊ नका.

आणि मीटरच्या अलीकडे, म्हणजे पालिकेच्या बाजूला, काहीही हात लावायचा नाही. तिथलं काम परवानाधारक प्लंबरचं. तिथली गळती दिसली तर पाणीपुरवठा विभागात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.